ऑइल न खाणारं इंजिन

जुना ट्रॅक्टर थोडंफार ऑइल खातोच. घाटंजी, आर्णी, दारव्हा, कुठल्याही गावच्या मिस्त्रीला विचारा. दहा-बारा वर्षं नांगरट करून आणि रोटाव्हेटर चालवून थकलेल्या इंजिनात दोन सर्व्हिसिंगच्या मधे अधूनमधून वरून ऑइल घालावं लागलं तर त्याला नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते उलटं घडलं तर. पेरणीची धांदल सरते आणि मालकाच्या लक्षात येतं, यंदा वरून ऑइल घालायची पाळीच आली नाही. तो पट्टी काढून बघतो, तर लेव्हल वरच्या खुणेला टेकलेली. इंजिन सुधारलं, असं म्हणत तो पट्टी पुन्हा खोचून ठेवतो.

इंजिनं अशी आपोआप सुधारत नसतात. रिंगा झिजलेल्याच आहेत आणि ऑइल पूर्वीइतकंच जळतंय. फरक एवढाच, की जेवढं ऑइल वर जळून जातंय तेवढंच, किंवा थोडं जास्त, डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. पट्टी लेव्हल दाखवते, आत काय भरलंय ते तिला कळत नाही. मग ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीला ट्रॅक्टर एका जागी तासन् तास उभा राहतो, रेडिएटरच्या जाळीत कुटार अडकतं, इंजिन तापतं आणि रेस कमी केल्याबरोबर मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा मिचमिचायला लागतो. रेस वाढवली की दिवा विझतो. पुष्कळ जण तो विझला यावरच समाधान मानतात.

हा दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते समजायला ऑइलचा दाब म्हणजे काय हे आधी बघावं लागेल. इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये ऑइल साठलेलं असतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि फिल्टरमधून क्रँककडे ढकलतो. क्रँक बेअरिंगच्या धातूवर घासत फिरत नाही. दोघांच्या मधे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी फट असते, त्या फटीत ऑइलचा पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरते. पंपाचं काम फक्त ऑइल ढकलायचं. दाब तयार होतो तो पुढच्या अरुंद फटींनी ऑइलला अडवल्यामुळे. ठिबकच्या शेतात मोटर तीच असते, पण उंदरांनी नळ्या कुरतडल्या की शेवटच्या तासाला पाणी पोचत नाही, त्यातलाच प्रकार.

म्हणजे पंप धडधाकट असला तरी दाब दोन कारणांनी पडू शकतो. एक तर बेअरिंग झिजून फट रुंदावलेली असते, नाहीतर ऑइलच इतकं पातळ झालेलं असतं की मूळच्या फटीतूनही ते भसाभस वाहून जातं. पहिल्या कारणाचा इलाज म्हणजे इंजिन उतरवणं, क्रँक काढणं, बेअरिंग बदलणं. खर्च पाच आकडी आणि हंगामातले दिवस वाया ते वेगळेच. दुसऱ्याचा इलाज पुष्कळदा एका सीलवर, एका नोझलवर आणि ताज्या ऑइलवर भागतो. तरीही दिवा लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘बेअरिंग गेलं’ हेच. कधी ते खरंही असतं. पण पट्टीला लागलेलं ऑइल हुंगूनसुद्धा न बघता काढलेला हा निष्कर्ष महागात पडतो.

आकड्यांत बोलायचं तर १५डब्ल्यू-४० या ऑइलची दाटी शंभर अंश सेल्सियसला साधारण १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असावी लागते, ४० नंबरचा अर्थ तोच. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची दाटी चाळीस अंशांनाच २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असते, तापल्यावर ती आणखी उतरते. इतकं पातळ द्रव्य पाच-सात टक्के जरी मिसळलं तरी ४० नंबरचं ऑइल ३० नंबरच्या पट्ट्यात घसरू शकतं. शिवाय डिझेल मिसळलं की ऑइलमधली झीज रोखणारी रसायनंही विरळ होतात. मे महिन्यात यवतमाळात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्या हवेत रेडिएटरला आधीच जेमतेम निभवावं लागतं. पातळ झालेल्या ऑइलला तिथे काही राखीव बळ उरत नाही.

याच दुखण्याचा सगळ्यात चमत्कारिक नमुना बघायचा तर ट्रॅक्टरपासून फार लांब, माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाकडे जावं लागतं. विदर्भातल्या रस्त्यांना माझदा ओळखीची आहे ती ‘स्वराज माझदा’च्या छोट्या ट्रकमुळे आणि शाळेच्या बसमुळे. १९८० च्या दशकात पंजाबात सुरू झालेली ती कंपनी २०११ मध्ये एसएमएल इसुझू झाली. तिची इंजिनं साधी पिस्टनचीच होती. जपानची मूळ माझदा मात्र जगात गाजली ती पिस्टन नसलेल्या इंजिनामुळे.

हे इंजिन जर्मनीच्या फेलिक्स वान्केलच्या डोक्यातून निघालं. १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना फिरला. आत पिस्टनऐवजी फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर असतो. तो कमरेत किंचित दबलेल्या लांबट पोकळीत फिरत राहतो, आणि त्याची एक फेरी होते तेव्हा मधल्या शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, पिस्टनचं वर-खाली हिसके देणं नाही. माझदाने १९६७ मध्ये हे इंजिन ‘कॉस्मो स्पोर्ट’ गाडीत बसवून विकलं, पुढे आरएक्स-७ च्या आठ लाखांहून अधिक गाड्या काढल्या आणि १९९१ मध्ये चार रोटरांच्या ७८७बी गाडीने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

महाराष्ट्राचाही या इंजिनाला हात लागलेला आहे. लष्कराच्या ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वान्केल इंजिन देशात तयार झालं, त्यात बंगळुरूच्या दोन संस्थांबरोबर तेव्हाच्या अहमदनगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था होती. सुमारे तीस किलो वजनाचं हे इंजिन लावून २००९ मध्ये कोलारला निशांतने उड्डाण केलं. तीस किलोत ५५ अश्वशक्ती! साधारण तेवढ्याच ताकदीच्या ट्रॅक्टरचं इंजिन उचलायला चेन-पुली लागते. अर्थात ट्रॅक्टरच्या इंजिनाला वर्षानुवर्षं नांगर ओढायचा असतो, विमानातल्याला नाही.

रोटरीत ऑइलवर तिहेरी भार असतो. शाफ्टची बेअरिंगं तर त्यावर चालतातच, शिवाय रोटर आतून थंड करायचं कामही ऑइलच करतं. तिसरं काम विलक्षण आहे. रोटरच्या तीन टोकांवरची सीलं पोकळीच्या भिंतीला सतत घासत असतात, म्हणून एक छोटा पंप थोडंथोडं ऑइल मुद्दाम आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे हे इंजिन तब्येतीत असतानाच ऑइल खातं. उलट ज्या रोटरी गाडीची पट्टी दोन-तीन हजार किलोमीटरनंतरही जराही उतरलेली नाही, तिचा मालक जाणता असेल तर त्याला घाम फुटतो. एक तर तो ऑइल सोडणारा पंप बंद पडलाय, किंवा बाजूच्या सीलांतून आणि ऑइल रिंगांतून पेट्रोल खाली झिरपतंय. जपानी स्पोर्ट्स कार काय आणि आर्णीचा ट्रॅक्टर काय, पट्टी दोघांनाही एकसारखीच फसवते.

रोटरीत पेट्रोल ऑइलमध्ये यायला निमित्तही क्षुल्लक पुरतं. थंड गाडी सुरू केली, अंगणातून फाटकापर्यंत हलवली आणि लगेच बंद केली, एवढंच. थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं, ते जळायच्या आत इंजिन बंद होतं आणि आत पेट्रोल साचतं. आरएक्स-८ या गाडीची ही खोड प्रसिद्ध आहे. त्यात आणखी गंमत अशी, की सुरुवातीच्या आरएक्स-८ मध्ये ऑइलच्या दाबाचा काटा होता, पण त्याच्यामागे दाब मोजणारं यंत्र नव्हतं. साधा स्विच होता. थोडाफार दाब आहे एवढं स्विचला कळलं की काटा ठरलेल्या जागी जाऊन उभा राहायचा. पुस्तकाप्रमाणे त्या इंजिनात तीन हजार फेऱ्यांना दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास दाब हवा, पण तो निम्म्यावर आला तरी काटा हलणार नाही. दिखाऊ काट्यापेक्षा आपला लाल दिवा बरा म्हणायचा. तो निदान मोजमापाचा आव आणत नाही.

मात्र दिवा फार उशिरा बोलतो. बहुतेक इंजिनांत दाब अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याखाली गेला तरच तो लागतो. दोन किलोंवरून एकावर घसरण्याचा सगळा प्रवास तो गुपचूप बघत असतो.

म्हणून निदानाची सुरुवात पाना-पकडीने करायची नाही, सकाळी करायची. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा असावा, इंजिन सुरू केलेलं नसावं. पट्टी पुसून पुन्हा बुडवून काढायची. लेव्हल किती हे तर बघायचंच, पण मागच्या वेळी किती होती आणि मधे वरून किती घातलं हेही आठवायचं. मग ऑइल बोटांवर घेऊन चोळायचं आणि हुंगायचं. वापरलेल्या ऑइलला जळका वास असतोच. डिझेलचा उग्र वास त्यातूनही वेगळा कळतो. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, डिझेल इंजिनात ते दोन दिवसांत काळं होतं. दुधाळ, दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी गेलंय, आणि ते दुखणं निराळं.

वासाबद्दल खात्री नसेल तर टिपकागद आहे. पांढऱ्या टिपकागदावर वापरलेल्या ऑइलचा एक थेंब आणि शेजारी त्याच कंपनीच्या नव्या ऑइलचा एक थेंब टाकून कागद काही तास आडवा ठेवायचा. वापरलेल्या थेंबात मधे काजळीचा गडद ठिपका राहतो, त्याभोवती ऑइलचं कडं पसरतं आणि इंधन मिसळलेलं असेल तर सगळ्यात बाहेर फिकट, पातळ असं आणखी एक वलय उमटतं. ही काही प्रयोगशाळा नव्हे. पण वास, वाढलेली लेव्हल आणि ते बाहेरचं वलय तिन्ही एकच सांगत असतील तर संशयाला फारशी जागा उरत नाही. पक्का निकाल हवा तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. खाणीतल्या डंपरसारख्या अवजड यंत्रांच्या बाबतीत ही रीत रुळलेली आहे, कारण तिथे एक इंजिन बसलं की नुकसान लाखांत जातं. प्रयोगशाळा ऑइलची दाटी मोजते आणि त्याचा भडका उडायचं तापमान बघते. चांगल्या इंजिन ऑइलची वाफ दोनशे अंशांच्या पुढेच पेट घेते, डिझेल मिसळलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. घरी मात्र काडी लावून ही परीक्षा घेऊ नये.

त्यानंतर दाब खरोखर मोजायचा. दिव्याचा स्विच इंजिनावरून काढून त्या जागी घड्याळी गेज बसवायचं. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं, नसेल तर विकत घेण्यासारखं आहे. इंजिन पुरतं तापू द्यायचं, कारण थंड ऑइलचा दाब सगळ्यांनाच फसवतो. मग कमी रेसवर आणि चढ्या रेसवर आकडे घ्यायचे आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघायचे. पुस्तक हाताशी नसेल तर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, हा ढोबळ हिशेब चालतो. गेजवर दाब चोख आला तर दुखणं स्विचचं किंवा वायरचं, इंजिनाला हात लावायचं कामच नाही. कमी रेसवर दाब पडतो आणि चढ्या रेसवर नीट होतो, तर पातळ ऑइल किंवा झिजलेलं बेअरिंग, दोन्ही शक्य. दोन्हीकडे कमीच असेल तर पंप, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा चेंबरातली जाळी बघावी लागते. जाळीत गाळ बसलेला असतो, कधी कुणी गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले असतात. हे सिलिकॉन जरा जास्तच सढळ हाताने लावायची आपल्याकडे सवय आहे.

पातळ ऑइल आणि झिजलेलं बेअरिंग वेगळं कसं ओळखायचं? डिझेल येण्याची वाट आधी बंद करायची, मग फिल्टरसह ऑइल बदलायचं आणि तेच गेज लावून पुन्हा मोजायचं. दाब परत आला तर बेअरिंग वाचलं. जुना फिल्टर फेकण्याआधी करवतीने कापून आतला कागद उन्हात पसरून बघावा. त्यात चमकती कणी दिसली, विशेषतः तांब्याच्या रंगाची, तर ती बेअरिंगची आहे आणि मिस्त्रीचं पहिलं वाक्य बरोबर होतं.

डिझेल येतं कुठून, ते शोधताना धूर मोठा साक्षीदार ठरतो. नोझल थेंब गाळत असेल तर न जळलेलं डिझेल सिलिंडरची भिंत धुऊन रिंगांच्या फटीतून खाली उतरतं. अशा इंजिनाचा आवाज बिघडतो, सुरू होताना धूर येतो, ताकद कमी पडते. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलचा पाइप सैल करून बघतात. जो सैल केला तरी आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. सीआरडीआय इंजिनावर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे पाइपात हजार बारच्या वरचा दाब असतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

आणि धूर नाही, आवाज गुळगुळीत आहे, ताकदही पुरेपूर आहे, तरी लेव्हल वाढतेय, असं असेल तर? मग नोझलचा पिच्छा सोडून पंपाकडे वळायचं. ब्लॉकवर बसवलेल्या जुन्या फीड पंपात रबराचा पडदा असतो, तो फाटला की डिझेल थेट चेंबरमध्ये गळतं. रोटरी पद्धतीचा डिझेल पंप आतून डिझेलवरच वंगण घेतो, त्याच्या शाफ्टचं सील गेलं की डिझेल टायमिंगच्या बाजूने खाली उतरतं. इन-लाइन पंपातही झिजलेल्या भागांतून डिझेल पंपाच्या पोटात आणि तिथून इंजिनात जाऊ शकतं. पंप उतरवून पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर लावला की खरं-खोटं तिथेच कळतं. काही इंजिनांत नोझलच्या परतीच्या डिझेलचा पाइप टप्पेट कव्हरच्या आतून जातो; त्याचा वॉशर गळत असला तर बाहेरून काहीच दिसत नाही.

नव्या गाड्यांना हीच व्याधी वेगळ्या वाटेने होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून त्याची उष्णता वाढवतं आणि काजळी जाळून टाकतं. यवतमाळहून नागपूरला सलग गाडी चालवली तर हे काम बिनबोभाट उरकतं. पण गाडी रोज फक्त दत्त चौक ते एमआयडीसी एवढीच फिरत असेल तर काम दरवेळी अर्धवट राहतं आणि ते जादा डिझेल भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणूनच माझदाच्या डिझेल गाड्यांच्या पट्टीवर वरच्या खुणेच्याही वर ‘एक्स’ अशी आणखी एक खूण असते. ऑइल तिथवर चढलं की बदलायचं. पेट्रोल गाड्याही सुटलेल्या नाहीत. २०१८ मध्ये चीनच्या थंड भागांतून ऑइलमध्ये पेट्रोल जात असल्याच्या तक्रारी आल्या आणि होंडाला नव्या सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली होती.

लेव्हल वाढत राहिली आणि कुणी बघितलंच नाही, तर एक धोका बेअरिंगपेक्षाही मोठा आहे. चेंबर गच्च भरलं की डिझेलमिश्रित ऑइल ब्रीदरच्या वाटेने हवेच्या नळीत ओढलं जातं आणि डिझेल इंजिन त्यावरच चालू लागतं. मग चावी बंद केली, डिझेल तोडलं, तरी ते थांबत नाही. रेस वाढतच जाते आणि शेवटी इंजिन फुटतं किंवा जाम होतं. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय, म्हणजे एअर क्लीनरच्या तोंडावर फळी किंवा जाड पाटी दाबून धरायची. हात किंवा सैल कापड नाही, ते आत ओढलं जातं.

दुरुस्ती झाली की काम संपलं असं धरू नये. आवरमीटरवरचा आकडा आणि त्या दिवशीची लेव्हल मीटरच्या शेजारी खडूने लिहून ठेवावी आणि पहिले पन्नास तास दर दहा तासांनी सकाळच्या थंड इंजिनात पट्टी बघावी. लेव्हल पूर्वीच्या वेगाने उतरत असेल तर ठीक. जराही उतरत नसेल तर पंप पुन्हा बेंचवर न्यावा लागेल. आणि काढलेलं जुनं ऑइल वेगळ्या डब्यात भरून त्यावर खूण करून ठेवावी. गावात ते बंडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला लावायला नेतात आणि कुणीतरी हटकून तेच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये ओतायला निघतो.